वाचकांचे प्रश्न : परत आलेला ईमेल वाचावा कसा?

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयाभोवती फिरत होते: पाठवलेला ईमेल परत येणे, किंवा परतही न येता मध्येच कोठेतरी नाहीसा होणे. ठाणे आणि नवी मुंबई येथून आलेली आठ पत्रे निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, आणि त्यांनी सोबत जोडलेल्या संदेशांतील पत्तेही वगळले आहेत.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहनिर्माण संस्थेत २१२ सभासद आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना चौदा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून यंदा ती सर्वांना ईमेलने पाठवली. त्याच दिवशी १९ ईमेल ‘मेलर डीमन’ नावाने परत आले. दुसऱ्या दिवशी आणखी ७ सभासदांबाबत ‘विलंब होत आहे, प्रयत्न चालू आहेत’ असे संदेश आले आणि पाच दिवसांनी त्यांपैकी ५ ईमेल कायमचे परत आले. एका सभासदाचा ईमेल मात्र परत आला नाही, तरीही आपल्याला सूचना मिळालीच नाही असे त्यांनी भर सभेत सांगितले. ईमेल परत न येणे हा तो पोचल्याचा पुरावा मानता येईल का?
— सचिव, कासारवडवली, ठाणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: मानता येणार नाही. ते का, हे समजण्यासाठी दोन सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते पाहावे लागेल.

आपण ईमेल पाठवला की तो प्रथम आपल्या सेवेच्या सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर सभासदाच्या सेवेच्या सर्व्हरला गाठतो आणि पत्र कोणाकडून आहे, कोणासाठी आहे, मजकूर काय आहे, हे क्रमाने सांगतो. प्रत्येक वाक्याला समोरून तीन अंकी उत्तर येते. या संभाषणाच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. ते १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ज्या दस्तऐवजात लिहिले त्याचा क्रमांक आरएफसी ८२१ असा होता, आणि २००८ पासून त्याची सुधारित आवृत्ती, आरएफसी ५३२१, वापरात आहे. (ईमेलचे नियम लिहिणाऱ्याच्या आडनावातच ‘पोस्ट’ असावे, हा योगायोग मला अजूनही गमतीचा वाटतो.) उत्तराचा पहिला अंक २ असेल तर तो होकार असतो. तो ४ असेल तर ‘आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या’ असा अर्थ होतो, आणि ५ असेल तर ‘जमणार नाही, पुन्हा येऊ नका’ असा.

मजकूर पूर्ण मिळाल्यावर समोरचा सर्व्हर ‘२५०’ म्हणतो, तो क्षण सर्वांत महत्त्वाचा असतो. टपाल कार्यालयाच्या खिडकीत रजिस्टर पत्र घेऊन पावती फाडून द्यावी, तसाच हा प्रकार आहे. त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी समोरच्या सर्व्हरची होते. ते पोचवणे किंवा पोचवता आले नाही तर तसे कळवणे त्याला बंधनकारक असते. यंत्र नंतर बंद पडले यासारख्या किरकोळ कारणाने पत्र गमावता येणार नाही, असेही नियमात लिहिलेले आहे. उलट ‘२५०’ मिळेपर्यंत जबाबदारी आपल्याच सर्व्हरकडे राहते.

म्हणून त्याच दिवशी परत आलेले १९ संदेश बहुधा आपल्याच सेवेने लिहिलेले आहेत. सभासदाच्या सर्व्हरने केवळ नकाराचा क्रमांक सांगितला. आपल्या सर्व्हरने तो टिपून आपल्याला अहवाल दिला. अशा अहवालाचे साधारणपणे तीन भाग असतात: माणसांना वाचण्यासाठी काही वाक्ये, यंत्रांसाठी ठरावीक रकान्यांचा मजकूर, आणि मूळ पत्र किंवा निदान त्याचे शीर्ष. बहुतेक जण पहिल्या भागातील इंग्रजी दिलगिरी पाहूनच संदेश पुसून टाकतात, आणि नेमकी कामाची गोष्ट दुसऱ्या भागात असते. तेथे ‘स्टेटस’ या रकान्यात टिंबांनी जोडलेले तीन आकडे दिसतात. ५.१.१ म्हणजे त्या नावाचा मेलबॉक्सच नाही, ५.१.२ म्हणजे पत्त्यातील डोमेन (‘ॲट’ चिन्हानंतरचा भाग) चुकले आहे, ५.२.१ म्हणजे खाते बंद केलेले आहे, ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरलेला आहे आणि ५.७.१ म्हणजे धोरण म्हणून पत्र नाकारले आहे. मधला आकडा दोष कोठे आहे ते सांगतो: १ असेल तर पत्त्यात, २ असेल तर मेलबॉक्समध्ये, ४ असेल तर जाळ्यात किंवा मार्गात, आणि ७ असेल तर सुरक्षेच्या नियमांत.

आपल्या संस्थेत ज्येष्ठ सभासद पुष्कळ असतील, तर आणखी एक कारण लक्षात घ्यावे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. मुलाने किंवा नातीने कधीतरी उघडून दिलेले आणि नंतर कोणी न पाहिलेले खाते असे नाहीसे झालेले असू शकते. तसेच त्या सेवेत ईमेल, छायाचित्रे आणि फायली यांना मिळून १५ जीबी जागा मोफत असते. लग्नसमारंभाच्या चित्रफितींनी ती भरली की सभेची सूचनाही आत येऊ शकत नाही.

विलंबाचे ७ संदेश निराळे आहेत. तेथे समोरून ४ ने सुरू होणारे उत्तर आले, किंवा कोणी उत्तरच दिले नाही. अशा वेळी पत्र रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करावा, दोन प्रयत्नांत सामान्यतः किमान ३० मिनिटांचे अंतर असावे आणि निदान चार-पाच दिवस हार मानू नये, असे नियम सांगतो. पोस्टफिक्स या प्रचलित मेल सर्व्हरमध्ये ही मुदत मुळातच ५ दिवसांची ठेवलेली असते. आपल्याला आलेला मधला संदेश केवळ सूचना होती. तो वाचून पुन्हा पाठवण्याची गरज नसते. असे असूनही बरेच जण घाईने दोन-तीनदा पाठवतात, आणि मग सभासदाला एकच सूचना चार वेळा मिळते.

या सात जणांत पत्त्यातील चूकही दडलेली असू शकते. डोमेनचे एखादे अक्षर गळून जे नवे नाव तयार होते, ते मुळीच अस्तित्वात नसेल तर ईमेल लगेच परत येतो. मात्र ते नाव कोणीतरी घेऊन ठेवलेले असेल आणि तेथे मेल सर्व्हर चालू नसेल, तर आपला सर्व्हर पाच दिवस बंद दार ठोठावत राहतो. चौदा दिवसांच्या मुदतीतील पाच दिवस असे निघून जातात, म्हणून पहिला विलंबसंदेश आला त्याच दिवशी पत्ता तपासणे श्रेयस्कर.

आता ज्यांना सूचना मिळाली नाही त्या सभासदांविषयी. त्यांच्या सर्व्हरने ‘२५०’ म्हटले असणार आणि नंतर पत्र स्पॅमच्या कप्प्यात टाकले असणार, ही शक्यता सर्वांत मोठी आहे. असे केल्यावर पाठवणाऱ्याला कळवले जात नाही. कळवले तर कोणती युक्ती चालते आणि कोणती नाही, हे स्पॅम पाठवणाऱ्यांनाही कळेल. त्या सभासदांनीच कधीतरी लावून ठेवलेला एखादा नियम संस्थेची पत्रे दुसऱ्या कप्प्यात टाकत असेल, हेही संभवते. पत्र उघडल्याची पोच मागण्याची सोय काही सेवांत आहे, परंतु ती देणे न देणे वाचणाऱ्याच्या इच्छेवर असते. एवढे नक्की सांगता येईल की परत न आलेल्या ईमेलवरून तो समोरच्या सर्व्हरने स्वीकारला इतकाच तर्क करता येतो. सूचना फलकावर सूचना लावणे आणि ज्यांचे ईमेल परत आले त्यांच्याकडे पहारेकऱ्याकरवी ती पाठवून वहीवर सही घेणे, हे जुने मार्ग चालू ठेवावेत.

प्रश्न : मेलर डीमन हे कोणाचे नाव आहे? मी त्याला नम्रपणे उत्तर लिहिले, पण काहीच आले नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : संगणकावर कोणाच्या नजरेस न पडता सतत चालू राहणाऱ्या कार्यक्रमाला ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रुळला आणि तो मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या विचारप्रयोगातील, रेणूंची वर्गवारी करीत बसणाऱ्या काल्पनिक जिवावरून घेतला होता. त्याचा भुताखेताशी संबंध नाही.

आपल्या उत्तराला उत्तर न येणे स्वाभाविक आहे, कारण तेथे वाचणारे कोणी नसते. मात्र त्यामागे एक सुरेख योजना आहे. परतीचा अहवाल पाठवताना सर्व्हर लिफाफ्यावरील परतीचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवतो. समजा, अहवालही पोचला नाही. तर त्याविषयीचा अहवाल कोणाला पाठवणार? पत्ताच नसल्याने विषय तेथेच संपतो किंवा फार तर सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडे जातो. ही सोय नसती तर दोन यंत्रे ‘तुमचे पत्र पोचले नाही’ असे एकमेकांना अखंड कळवत बसली असती. रजेवर असल्याचे स्वयंचलित उत्तर पाठवणाऱ्या यंत्रणांनीही कोऱ्या पत्त्यावरून आलेल्या पत्राला उत्तर देऊ नये, असाच नियम आहे.

प्रश्न : आमचा वागळे इस्टेटमध्ये सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. ग्राहकाला १५.५ एमबीचे ड्रॉइंग पाठवले, तर ‘५५२ ५.३.४’ असा क्रमांक येऊन ईमेल परत आला. त्यांच्याकडील मर्यादा २० एमबी आहे असे ते ठामपणे सांगतात. चूक कोणाची?
— कारखानदार, ठाणे

उत्तर : कोणाचीच नाही. ५.३.४ म्हणजे पत्र त्या यंत्रणेच्या मर्यादेपेक्षा मोठे आहे, आणि ते खरोखरच मोठे होते.

ईमेलची व्यवस्था मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी आखलेली होती. त्यातून चित्रे व ड्रॉइंग नेण्यासाठी फाइलचे रूपांतर अक्षरांत करावे लागते. त्या पद्धतीला बेस ६४ म्हणतात. तीत मूळच्या दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात आणि ओळींच्या शेवटची चिन्हे वेगळी वाढतात. एकूण वाढ सुमारे ३७ टक्के होते, म्हणजे आपले १५.५ एमबीचे ड्रॉइंग प्रवासात सुमारे २१.२ एमबीचे झाले. २० एमबीची मर्यादा प्रवासातील आकाराला लागू असल्यास मूळ फाइल साडेचौदा एमबीच्या आत असावी लागते. टेम्पोत माल भरताना आपण लाकडी खोक्याचे वजनही धरतो, तसेच हे आहे.

समोरचा सर्व्हर संभाषणाच्या आरंभीच आपली मर्यादा बाइटमध्ये जाहीर करू शकतो, त्यामुळे नकार बहुधा ताबडतोब मिळतो. ड्रॉइंग झिप केल्याने फारसा उपयोग होईलच असे नाही, कारण पीडीएफसारख्या फायली बहुधा आधीच आवळलेल्या असतात. अशा फायली सामायिक ड्राइव्हवर ठेवून त्यांचा दुवा पाठवावा, आणि दुवा पाहण्याची परवानगी केवळ त्या ग्राहकाच्या पत्त्याला द्यावी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या आठवड्यात दोन दिवसांत माझ्याकडे सुमारे ३०० परतीचे संदेश आले. त्यांतील एकही पत्र मी लिहिलेले नाही. औषधांच्या जाहिराती होत्या, आणि पत्ते परदेशातील. पासवर्ड चोरीला गेला असेल या भीतीने मी संगणक बंद करून ठेवला आहे. काय करावे?
— निवृत्त शिक्षिका, नेरूळ

उत्तर : संगणक सुरू करण्यास हरकत नाही. आपल्या पत्रात दोन शक्यता आहेत आणि त्यांतील कोणती खरी, हे परतीच्या संदेशावरूनच ओळखता येते.

पत्राच्या लिफाफ्यावर ‘प्रेषक’ म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. टपाल खाते ते तपासत नाही. एसएमटीपीच्या मूळ रचनेतही असेच होते. जाहिराती पाठवणाऱ्याने लाखो पत्त्यांवर पत्रे सोडताना प्रेषकाच्या जागी आपला पत्ता लिहिला असेल, तर न पोचलेली पत्रे आपल्याकडे ‘परत’ येतील. त्यासाठी त्याला आपला पासवर्ड लागत नाही. ही पहिली शक्यता. दुसरी अशी की कोणी खरोखरच आपल्या खात्यात शिरून तेथून पत्रे पाठवीत आहे.

आता कोणताही एक परतीचा संदेश उघडून त्यातील ‘रिपोर्टिंग एमटीए’ हा रकाना पाहावा. अहवाल लिहिणाऱ्या सर्व्हरचे नाव तेथे असते. ते आपल्याच ईमेल सेवेचे असेल, तर आपल्या सेवेने ती पत्रे आपल्या खात्यातून घेतली होती आणि ती पोचवता आली नाहीत असा अर्थ होतो. ही गंभीर गोष्ट आहे. ते नाव जगाच्या दुसऱ्या टोकाच्या, कधी न ऐकलेल्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरचे असेल, तर कोणीतरी आपले नाव लावून पत्र थेट तेथे नेऊन टाकले होते. आपण सोबत पाठवलेल्या चारही नमुन्यांत अहवाल देणारे सर्व्हर वेगवेगळे आणि परके आहेत. त्यामुळे आपले खाते शाबूत असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

खात्रीसाठी पाठवलेल्या पत्रांचा कप्पा, अलीकडे कोठून प्रवेश झाला त्याची नोंद, आणि आपल्या नकळत पत्रे दुसरीकडे वळवणारा नियम कोणी लावला आहे का, हे तीन ठिकाणी पाहून घ्यावे. पासवर्ड बदलून दोन टप्प्यांची पडताळणी चालू केल्यास मनही निश्चिंत होईल.

अशा दुसऱ्याच्या पत्रांच्या परतीला मेल सर्व्हर सांभाळणारे लोक ‘बॅकस्कॅटर’ म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याच्या ढिलाईचा पुरावा मानतात. महापे येथे काही वर्षे हे काम केल्यामुळे माझेही मत तसेच झाले आहे. व्यवस्थित सर्व्हर पत्र कोणासाठी आहे हे ऐकताच तो मेलबॉक्स आपल्याकडे आहे की नाही ते तपासतो आणि नसल्यास संभाषण चालू असतानाच ५५० सांगून पत्र नाकारतो. त्यामुळे जबाबदारी पाठवणाऱ्या यंत्राकडेच राहते. ते यंत्र स्पॅमचे असेल तर नकार ऐकून गप्प बसते आणि तिसऱ्या माणसाला त्रास होत नाही. ढिला सर्व्हर मात्र न तपासता ‘२५०’ म्हणून मोकळा होतो, मग मेलबॉक्स नाही हे त्याच्या लक्षात येते, आणि नियमाप्रमाणे कळवण्यासाठी तो लिफाफ्यावरील प्रेषकाला पत्र लिहितो. तो प्रेषक म्हणजे आपण. हा लोंढा काही दिवसांत आपोआप ओसरतो, कारण स्पॅम पाठवणारे पत्ते बदलत राहतात.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. ‘आपले १२ ईमेल सर्व्हरवर अडकले आहेत, ते सोडवण्यासाठी येथे दाबा’ अशी पत्रे परतीच्या संदेशाचा वेष घेऊन येतात. खरा परतीचा अहवाल कधीही पासवर्ड विचारीत नाही.

प्रश्न : आमचे वाचनालय स्वतःच्या डोमेनवरून दरमहा सुमारे १,८०० वाचकांना नव्या पुस्तकांची यादी पाठवते. दिवाळीत संकेतस्थळ दुसऱ्या होस्टिंग कंपनीकडे नेल्यापासून जीमेलच्या बहुतेक वाचकांचे ईमेल ‘५५० ५.७.२६’ असे सांगून परत येतात. शिवाय काही अहवालांत, आमच्या यादीतच नाहीत अशा पत्त्यांचा उल्लेख असतो. ते कोठून आले?
— कार्यवाह, वाशी

उत्तर : नेरूळच्या वाचकांच्या तक्रारीवर जो इलाज शोधला गेला, तोच आपल्याला नडला आहे. प्रेषकाचे नाव कोणीही लिहू शकत असल्याने डोमेनच्या मालकाला तीन प्रकारच्या नोंदी प्रसिद्ध करण्याची सोय आहे. आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे, ते एसपीएफ सांगते. डीकेआयएम ही प्रत्येक पत्रावरील संगणकीय मोहोर असते. आणि या दोन्हींत न बसणाऱ्या पत्राचे काय करावे, ते डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी या बाबतीत सक्ती केली. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० पेक्षा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. आपल्यासारख्या लहान प्रेषकांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक नीट असावे लागते. ५.७.२६ याचा अर्थ प्रेषकाची ओळख पटली नाही असा आहे.

आपल्या एसपीएफच्या नोंदीत अजून जुन्या कंपनीचा सर्व्हर असणार, आणि मोहोरही जुन्याच सर्व्हरवर राहिली असणार. बिऱ्हाड बदलले, पण रेशनकार्डावर पत्ता जुनाच राहिला, असे झाले आहे. नव्या कंपनीकडून त्यांच्या सर्व्हरांचा तपशील घेऊन डोमेनच्या नोंदीत बदल करावा आणि डीकेआयएमची नवी किल्ली बसवून घ्यावी. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असावी लागते. जुनी तशीच ठेवून दुसरी जोडली तर दोन्ही निकामी होतात. हा घोटाळा मी इतक्यांदा पाहिला आहे की तो वेगळा सांगणे भाग आहे.

अनोळखी पत्त्यांचे कारण साधे आहे. आपल्या यादीतील एखाद्या वाचकाने जुन्या नोकरीच्या किंवा महाविद्यालयाच्या पत्त्यावर येणारी पत्रे नव्या पत्त्याकडे वळवलेली असतात. पत्र पहिल्या पत्त्यावर पोचते, तेथून पुढे जाते आणि दुसऱ्या ठिकाणी नाकारले जाते. ते पुढे पाठवणारा सर्व्हर आपल्या एसपीएफच्या यादीत नसल्यामुळेही असे घडते. पत्रावर डीकेआयएमची मोहोर असेल तर ती बहुधा या प्रवासात टिकते. अहवालात मूळ पत्त्यासाठी स्वतंत्र रकाना असतो, परंतु तो नेहमी भरलेला नसतो. मग १,८०० वाचकांपैकी नेमका कोण, हे शोधायचे कसे? डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९७ मध्ये सुचवलेली युक्ती आजही वापरली जाते. तिला व्हर्प म्हणतात. प्रत्येक वाचकाच्या पत्राच्या लिफाफ्यावर परतीचा पत्ता थोडा वेगळा लिहायचा, आणि त्यातच त्या वाचकाचा पत्ता गुंफायचा. अहवाल कसाही लिहिलेला असला तरी तो ज्या पत्त्यावर परत आला त्यावरून वाचक ओळखता येतो. याद्या सांभाळणाऱ्या बऱ्याच आज्ञावल्यांत ही सोय असते.

५.१.१ असे सांगून परत आलेले पत्ते यादीतून लगेच काढावेत. मृत पत्त्यांवर दरमहा पत्रे जात राहिली, तर त्या प्रेषकाकडे सर्व्हर संशयाने पाहू लागतात आणि त्याचा त्रास उरलेल्या वाचकांना होतो.

प्रश्न : नव्या अशिलाला पाठवलेला पहिला ईमेल बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटे उशिरा पोचतो, पुढचे लगेच पोचतात. आमचे इंटरनेट मंद आहे का?
— वकील, सीबीडी बेलापूर

उत्तर : नाही. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात; इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली. अनोळखी प्रेषकाचे पहिले पत्र समोरचा सर्व्हर मुद्दाम ४ ने सुरू होणारा क्रमांक सांगून परतवतो. खरा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो आणि तेव्हा त्याला प्रवेश मिळतो. घाईत असलेले स्पॅमचे यंत्र बहुधा फिरकत नाही. एकदा ओळख झाली की पुढील पत्रे थांबवली जात नाहीत. न्यायालयीन मुदतीच्या शेवटच्या अर्ध्या तासात मात्र नव्या पत्त्यावर ईमेल पाठवून स्वस्थ बसू नये.

प्रश्न : मी हौसेने देवनागरीतील ईमेल पत्ता घेतला आहे. काही ठिकाणांहून त्यावर पत्रे येतच नाहीत. पाठवणाऱ्याकडे ती परत जातात. पत्ता बरोबर असूनही असे का?
— अनुवादक, नौपाडा, ठाणे

उत्तर : पत्ता बरोबर आहे, वाटेतील सर्व्हर जुना आहे. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. डोमेनच्या भागाचे रोमन अक्षरांत यांत्रिक रूपांतर करता येते, त्यामुळे तो भाग कसाबसा निभावतो. परंतु ‘ॲट’ चिन्हाच्या डावीकडील नाव देवनागरीत असेल तर त्याचे असे रूपांतर करण्याची मुभा नाही. ते नाव जसेच्या तसे स्वीकारणारे सर्व्हरच लागतात. त्यासाठी एसएमटीपीयूटीएफ८ हा विस्तार २०१२ मध्ये प्रमाणित झाला. जीमेलने २०१४ मध्ये अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय केली. ज्या कार्यालयाच्या सर्व्हरमध्ये हा विस्तार नाही किंवा तो बंद ठेवलेला आहे, तेथून ५.६.७ या क्रमांकाने पत्र परत जाते. सेवेने सोबत रोमन लिपीतील पर्यायी पत्ता दिला असेल, तर बँक आणि सरकारी कामासाठी तूर्त तो द्यावा. विषय आणि मजकूर मराठीत लिहिण्याशी याचा काही संबंध नाही; ती सोय फार पूर्वीपासून आहे.

प्रश्न : एका मोठ्या कंपनीचा सर्व्हर आमचे सर्व ईमेल ५.७.१ म्हणून परत पाठवतो. तेथे माझ्या ओळखीचे कोणी नाही, आणि ज्यांना कळवायचे त्यांनाच ईमेल जात नाही. दाद कोणाकडे मागावी?
— मालवाहतूक व्यावसायिक, तुर्भे

उत्तर : पोस्टमास्तरांकडे. ईमेल स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ या नावाचा पत्ता चालू असलाच पाहिजे, असा नियम आहे आणि तो आरएफसी ५३२१ मध्येही कायम आहे. पुढे त्या कंपनीचे डोमेन लावून तेथे लिहावे. आपल्या डोमेनवरून ते पत्रही नाकारले गेले तर वैयक्तिक खात्यावरून पाठवावे.

आधी परतीच्या अहवालातील ‘डायग्नोस्टिक कोड’ हा रकाना पूर्ण वाचावा. ५.७.१ हा क्रमांक मोघम आहे, पण त्यापुढील वाक्यात पुष्कळदा खरे कारण लिहिलेले असते: आपल्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील त्याचा क्रमांक) स्पॅम पाठवणाऱ्यांच्या एखाद्या काळ्या यादीत आहे, किंवा त्या मेलबॉक्सवर बाहेरच्यांना लिहिण्याची परवानगीच नाही. काळ्या यादीचे नाव दिलेले असेल, तर त्या यादीच्या चालकांकडे आणि आपल्या ईमेल सेवेकडे जावे लागते. समोरची कंपनी त्यात फारसे काही करू शकत नाही. पोस्टमास्तरांना लिहिताना पडद्याचे छायाचित्र पाठवू नये. अहवालाचा सर्व मजकूर, आपल्या सर्व्हरचा आयपी पत्ता आणि नकाराची वेळ सेकंदापर्यंत लिहून पाठवावी; समोरच्या माणसाला त्याच्या नोंदींतून ती एक ओळ शोधायची असते.